बंधुतेचा कर : बेदुईन समाजातील समता आणि तिच्या बाहेरचे लोक

अरबस्तानच्या वाळवंटाविषयी आपल्याकडे जे वाचले जाते ते बहुतांशी इंग्रज प्रवाशांनी लिहिलेले असते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात भूगोलाच्या कपाटात ही पुस्तके सापडतात आणि विद्यार्थी ती साहसकथा म्हणून वाचतात. त्यांतून दोन चित्रे मनावर ठसतात. एक म्हणजे उंटावर बसून अज्ञात वाळूचा समुद्र ओलांडणारा एकटा गोरा माणूस. दुसरे चित्र काळ्या पालात राहणाऱ्या बेदुईनाचे. तो गरीब आहे पण कोणापुढे वाकत नाही. त्याच्या समाजात राजा नाही, रंक नाही, सारे भाऊभाऊ आहेत. पहिले चित्र खोटे आहे हे थोडे खोलात वाचले की कळते. दुसरे अर्धे खरे आहे आणि म्हणून ते तपासणे अधिक जरुरीचे आहे. आपल्या चळवळीतील कित्येक मित्र ठामपणे सांगतात की विषमता शेतीबरोबर आली, गावगाड्याबरोबर आली. भटक्या टोळ्यांत ती नव्हती. या म्हणण्याची परीक्षा घ्यायची तर बेदुईनांसारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. या लेखात मला तेच करावयाचे आहे.

प्रथम वाळवंट आणि त्याचे ‘शोधक’ यांच्याविषयी. अरबी द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर पसरलेले जे वालुकारण्य आहे त्याला नकाशावर ‘रुब अल् खाली’ म्हणजे ‘रिकामा चौथा हिस्सा’ असे नाव आहे. आज ते सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन या चार देशांत विभागले गेले आहे. जे बदू त्यात उंट चारीत त्यांच्या बोलण्यात हे नाव नव्हते. ते त्याला नुसते ‘अर् रिमाल’, वाळू, म्हणत. ज्या रानात आपली माणसे पिढ्यानपिढ्या चारा शोधतात त्या रानाला कोणी रिकामे कशाला म्हणेल? रिकामेपण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते.

हे वालुकारण्य ओलांडणारा पहिला युरोपियन बर्ट्रम टॉमस. तो मस्कतच्या सुलतानाचा वझीर होता. १९३० च्या डिसेंबरात सलालाहून निघून १९३१ च्या फेब्रुवारीत तो कतारमधील दोह्याला पोचला. दुसरा सेंट जॉन फिल्बी; त्याने १९३२ मध्ये दुसऱ्या मार्गाने ते पार केले. तिसरा विल्फ्रेड थेसिजर. टोळधाडीची उत्पत्तिस्थाने शोधण्याच्या सरकारी कामाच्या निमित्ताने तो तेथे गेला आणि १९४६ ते १९४८ या काळात दोनदा वाळू ओलांडून आला. टॉमसला १९३१ मध्ये आणि थेसिजरला १९४८ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिले.

आता हा प्रवास प्रत्यक्षात कसा झाला ते पाहावे. टॉमसला वाट दाखविणारा रशीद टोळीचा शेख सालिह बिन कलूत होता. फिल्बी वबार नावाचे हरवलेले शहर शोधीत होता. त्याचे वाटाडे त्याला नेमके त्या जागी घेऊन गेले, कारण जागा त्यांना ठाऊक होती. तेथे शहर नव्हते, उल्का पडून झालेले खड्डे होते, ही गोष्ट वेगळी. थेसिजरच्या पहिल्या प्रवासात वाट काढणारा मुहम्मद अल् औफ याने तो पूर्वेकडील वाळूचा प्रदेश दोन वर्षांपूर्वी एकट्याने पार केलेला होता. एकट्याने, एका उंटावर, पदकावाचून! मग ‘प्रथम’ कोण? प्रथम जाणे आणि प्रथम लिहिणे यांतला हा फरक आहे. इतिहास लिहिणाऱ्याच्या नावावर चढतो हे आपल्याला कोणी नव्याने सांगावयास नको.

थेसिजरच्या बाबतीत न्याय केला पाहिजे. त्याने आपल्या सोबत्यांची नावे लपविली नाहीत. १९५९ मध्ये निघालेले त्याचे ‘अरेबियन सँड्स’ हे पुस्तक त्याने सालिम बिन कबीना आणि सालिम बिन घबैशा या दोन तरुण बदूंना अर्पण केले आहे. भूक, तहान, रक्ताचे वैर असलेल्या टोळ्यांची भीती, हे सारे त्याने त्यांच्याबरोबर भोगले. तरीही प्रवास संपल्यावर परत जाण्यासाठी त्याला दुसरे जग होते. बिन कबीनाला तेच वाळवंट होते.

बदूंच्या जगण्याचे शास्त्र समजल्याखेरीज त्यांची समाजरचना समजणार नाही, म्हणून येथे जरा थांबू. ‘बादिया’ म्हणजे उघडे रान. त्यात राहणारा तो बदवी, आणि त्यावरूनच बेदुईन. पण सगळे बदू एका पातळीवरचे नव्हते. वाळवंटाच्या कडेने शेळ्यामेंढ्या राखणारे होते आणि खोल वाळवंटात उंटांवर जगणारे होते. मेंढीला उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड पाणी पाजावेच लागते, म्हणून मेंढपाळ विहिरीशी बांधलेला असतो. उंटाचे तसे नाही. हिवाळ्यात हिरवा चारा मिळाला तर तो आठवडेच्या आठवडे पाण्यावाचून राहतो. त्याच्या अंगाचे तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४१ अंशांपर्यंत चढू शकते, त्यामुळे घामावाटे जाणारे पाणी वाचते. शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी गमावूनही तो उभा राहतो. माणूस याच्या निम्म्यातच आटोपतो. आणि पाणी मिळाले की दहा मिनिटांत शंभर लिटरच्या वर पिऊन टाकतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे माणसाला पिता येणार नाही असे खारट पाणी उंटीण पिते आणि माणसाला पिता येईल असे दूध देते. वाळवंटाच्या आतल्या भागात कित्येक कुटुंबे महिनेच्या महिने दुधावर राहत. बसण्यासाठीही उंटिणी पसंत केल्या जात; नर बहुधा लहानपणीच कापले जात, कारण चारा थोडा आणि दूध देईल तीच पोसावयाची. उंटाच्या लेंड्या जळणाला, कातडे पखालींना, केस दोरांना. रुब अल् खालीत पाऊस पडला तर एखाद्याच ठिकाणी पडतो, पण त्यावर उगवलेला चारा वाळूत तीन-चार वर्षेही टिकतो. तेव्हा ‘पाऊस कोठे पडला?’ ही बातमी म्हणजे जीवन. दोन अनोळखी बदू भेटले की सलाम झाल्याबरोबर बातमी विचारतात, आणि ती लपविणे हलकटपणाचे समजतात. वाळूवरचा माग पाहून उंट कोणाचा, कोठून आला, गाभण आहे की नाही हे सांगणारी माणसे त्यांच्यात होती.

राहण्यासाठी शेळीच्या काळ्या केसांच्या पट्ट्यांचे पाल. त्याला ते ‘केसांचे घर’ म्हणतात. ओले झाले की केस फुगतात आणि पाणी आत येत नाही. हे सूत काततात बायका, जमिनीवर मांडलेल्या मागावर पट्ट्या विणतात बायका, पाल उभारतात आणि उतरवतात बायकाच. पालाच्या मध्ये पडदा. एका बाजूला कॉफी आणि पाहुणे, दुसऱ्या बाजूला चूल, मुले आणि सारा संसार. प्रवाशांची पुस्तके बहुतेक कॉफीच्या बाजूला बसून लिहिलेली आहेत. मुलीच्या लग्नात तिच्या चुलतभावाचा पहिला हक्क असे. त्याने सोडल्याशिवाय ती दुसरीकडे देता येत नसे. हा हक्क पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

आता बदूंच्या समतेविषयी. ती खोटी नव्हती. शेख हा राजा नसे. त्याच्या बैठकीत कोणीही येऊन बसे, त्याला नावाने हाक मारी, त्याचे म्हणणे खोडून काढी. शेखाचा मान त्याच्या औदार्यावर आणि शहाणपणावर अवलंबून असे. न पटल्यास लोक आपली पाले उचलून दुसऱ्याकडे जात. पाहुणा आला की तीन दिवस त्याला काही न विचारता खाऊ घालणे हे कर्तव्य. शत्रूनेही येऊन पालाचा आश्रय मागितला तर तो ‘दखील’ झाला. त्याचे रक्षण जिवावर उदार होऊन करावयाचे. परक्या टोळीच्या मुलखातून जाताना त्या टोळीचा एक माणूस सोबत घेतला की प्रवासी सुरक्षित. थेसिजरचा सारा प्रवास याच रिवाजावर चालला. खून झाला तर पाच पिढ्यांच्या आतले सारे नातलग सूड घेण्यास किंवा भरपाई देण्यास बांधलेले. पोलीस नाही, कचेरी नाही, तुरुंग नाही, आणि तरीही माणूस एकटा नाही. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने या एकजुटीला ‘असबिया’ म्हटले आणि तिच्यावर आपल्या इतिहासशास्त्राची मांडणी केली.

पण ही एकजूट कशावर उभी आहे? नसबावर, म्हणजे वंशावळीवर. मी कोणाचा मुलगा, तो कोणाचा मुलगा, असे मागे जात जात एका मूळपुरुषापर्यंत पोचावयाचे. ज्याला अशी मान्य वंशावळ आहे तो ‘असील’, अस्सल. त्याला भाऊ आहेत, सूड घेणारे आहेत, साक्षीदार आहेत. ज्याची वंशावळ मान्य नाही त्याच्यामागे कोणी नाही. आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याला वाळवंटात जगावयाचे तर कोणाचा तरी ‘भाऊ’ विकत घ्यावा लागतो.

हे ‘विकत घेणे’ मी अलंकाराने म्हणत नाही. बलिष्ठ उंटपाळ टोळ्या दुबळ्या मेंढपाळ टोळ्यांकडून, मरुद्यानातील शेतकऱ्यांकडून, कारागिरांकडून दरसाल एक कर घेत. त्याचे नाव ‘खुव्वा’. अरबीत ‘अख’ म्हणजे भाऊ. खुव्वा म्हणजे भाऊपणा. कर देणाऱ्याला बलिष्ठ टोळीत एक ‘भाऊ’ मिळे. त्या टोळीतल्या कोणी लुटले तर हा भाऊ त्याचा माल परत मिळवून देई. म्हणजे लुटीपासून संरक्षण मिळावे म्हणून लुटणाऱ्यालाच पैसे द्यावयाचे, आणि त्या व्यवहाराला बंधुता म्हणावयाचे! समतेच्या जोडीला बंधुता हा शब्द आपण बाबासाहेबांकडून फार मोठ्या अर्थाने घेतला आहे. तोच शब्द दुसऱ्या एका समाजात कराचे नाव होता, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

खुव्व्याचे मूळ उंटात आहे. ज्याच्याजवळ उंट तो दूरवर धाड घालून पुन्हा वाळवंटात नाहीसा होऊ शकतो. मेंढपाळ आणि शेतकरी पळू शकत नाहीत. धाडीलाही नियम होते: बायकांना हात लावावयाचा नाही, सर्वस्व नेले तरी माणसाला मरण्यासाठी सोडावयाचे नाही. प्रवाशांनी या दिलदारीचे पुष्कळ कौतुक केले आहे. पण धाडीच्या या खेळात बरोबरीचे खेळाडू फक्त अस्सल टोळ्याच होत्या.

खेळाबाहेरचे कोण? त्यांत तीन प्रकार होते. पहिला प्रकार गुलामांचा. मोठ्या शेखांच्या पालांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची कुटुंबे असत. काही गुलाम शेखाचे विश्वासू होते, लढाईत पुढे असत, चांगले कपडे घालीत. पण स्वतंत्र झाल्यावरही बदूची मुलगी त्यांना मिळत नसे. कायद्याने गुलामगिरी कतारमध्ये १९५२ साली, सौदी अरेबियात १९६२ साली आणि ओमानमध्ये १९७० साली संपली. म्हणजे आपल्या संविधानाच्या कितीतरी नंतर.

दुसरा प्रकार कारागिरांचा. ‘सानी’ म्हणजे लोहार. घोड्यांना नाल ठोकणारा, तलवारीला धार लावणारा, कॉफीच्या भांड्याला कल्हई करणारा. प्रत्येक टोळीबरोबर अशी काही घरे फिरत. तलवार चालविणारा श्रेष्ठ आणि तलवार घडविणारा हीन, हे गणित वाळवंटातही होते. हाताने काम करणे म्हणजे कमी दर्जाचे, ही समजूत ब्राह्मणी धर्मग्रंथांशिवायही जन्माला येऊ शकते, हे आपण नोंदवून ठेवले पाहिजे.

तिसरा प्रकार सुलुब्बांचा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत विचार करण्यासारखा आहे. चार्ल्स डाउटी १८७६ ते १८७८ या काळात अरबस्तानात हिंडला. त्याच्या ग्रंथात सुलुब्बा वारंवार भेटतात. पुढे रुवाला टोळीत राहिलेल्या आलोइस मुसिलने १९२८ मध्ये आणि कुवेतमधील ब्रिटिश अधिकारी डिक्सन याने १९४९ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. सुलुब्बा उत्तर आणि मध्य अरबस्तानात विखुरलेले होते. त्यांच्याजवळ गाढवे होती. मोठी, पांढरी, नावाजलेली गाढवे. हरणांच्या कातड्याचा अंगरखा ही त्यांची खूण. ते शिकार करीत, भांडी सांधीत, लाकडाची खोगिरे करीत, जनावरांच्या दुखण्यांवर औषध देत. ते मेलेले जनावर खातात, असे बदू तुच्छतेने सांगत. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. भुकेने मरणारा बदूही आपली मुलगी सुलुब्बाला देणार नाही.

आणि तरीही या सुलुब्बांइतके वाळवंट कोणालाच ठाऊक नव्हते, हे त्यांचा तिरस्कार करणारेही मान्य करीत. कडक उन्हाळ्यात मोठमोठ्या टोळ्या मोठ्या विहिरींवर गोळा होत. तेव्हा सुलुब्बा खोल रानात त्यांनाच माहीत असलेल्या लहान लहान पाणवठ्यांवर राहत. धाडीवर निघालेले लोक त्यांना वाटाडे म्हणून नेत. पाऊस कोठे पडला, कोणती टोळी कोठे उतरली, याची खबर त्यांच्याकडून मिळे.

येथे मला आपल्याकडचे आठवल्याशिवाय राहत नाही. माझे पणजोबा गावचे येसकर होते. शिवेचे दगड कोठे पुरले आहेत, हद्द कोणत्या ओढ्याने वळते, हे त्यांना पाठ होते. शिवेचा तंटा पडला की जुन्या काळी महाराची साक्ष मोलाची मानली जाई. अंमलदार आला की त्याच्यापुढे वाट दाखवीत महारानेच धावावयाचे. जमिनीचे ज्ञान त्याचे आणि जमीन दुसऱ्याची. १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. सुलुब्बांविषयी वाचताना पाणवठ्यांचे ज्ञान आणि पाणवठ्यांवरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकाच्या आधी ठाऊक होते.

सुलुब्बा आले कोठून? ‘सलीब’ म्हणजे क्रूस, तेव्हा हे धर्मयुद्धात मागे राहिलेल्या ख्रिस्ती सैनिकांचे वंशज असावेत, असे काहींनी म्हटले. काहींनी त्यांना हिंदुस्थानातून आलेले ठरविले. काहींच्या मते ते अरब टोळ्यांच्याही आधीचे, उंट माणसाळण्यापूर्वीचे, शिकारी मूलनिवासी. यांपैकी काहीही सिद्ध झालेले नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांना बाहेर ठेवले त्यांचे मूळ बाहेरचे ठरविण्याची घाई सर्व समाजांना असते. ते मुळात परके आहेत म्हटले की ‘आपण त्यांना बाहेर का ठेवले?’ हा प्रश्न विचारावा लागत नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न विचारला होता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्य गावाबाहेर का राहतात याची उकल करताना सुरुवातच भटक्या समाजापासून केली आहे. संपत्ती गुरांच्या रूपात होती तोवर सगळे भटके होते; काही टोळ्या शेती करून स्थिर झाल्या; स्थिर आणि भटक्या टोळ्यांत झगडे झाले; त्यांत टोळी फुटून एकटी पडलेली ‘वाताहत झालेली माणसे’ स्थिर टोळ्यांच्या आश्रयाला आली आणि पहारेकरी म्हणून गावाच्या कडेला वसविली गेली, अशी त्यांची मांडणी आहे. आयर्लंड आणि वेल्समधील अशाच माणसांची उदाहरणे त्यांनी दिली. त्यांच्या मते मुख्य मुद्दा रक्ताच्या नात्याचा: ज्याचे रक्त वेगळे त्याला टोळीच्या आत जागा नाही. सुलुब्बांचे उदाहरण या मांडणीशेजारी ठेवून पाहिले तर तिचा पूर्वार्ध डोळ्यांपुढे उभा राहतो. नातेसंबंधावर उभा असलेला समाज नातेबाह्य माणसाला कसा वागवितो, हे येथे दिसते.

उत्तरार्ध मात्र जुळत नाही आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. आयर्लंड-वेल्समधले बाहेरचे लोक पुढे आत मिसळून गेले, हिंदुस्थानात तसे झाले नाही, कारण येथे मध्ये अस्पृश्यता उभी राहिली, असे बाबासाहेब सांगतात. सुलुब्बांना अस्पृश्य म्हणता येणार नाही. त्यांचा स्पर्श विटाळ मानला जात नव्हता. त्यांना हीन ठरविणारा धर्मग्रंथ नव्हता. उलट इस्लामने सर्व श्रद्धावंतांना एका ओळीत उभे केले होते. सुलुब्बावर धाड घालणे किंवा त्याला मारणे हे बदूला कमीपणाचे वाटे, त्यामुळे टोळीयुद्धात तो बिनधोक दोन्हीकडे जाऊ शके. आपल्याकडच्या महार-मांगांना असे अभय कधी होते? तेव्हा ‘सुलुब्बा म्हणजे अरबस्तानचे दलित’ असे सोपे समीकरण मांडू नये. एवढे मात्र म्हणता येते की जन्मावरून माणसाला हीन ठरविण्यासाठी शेती लागत नाही, गाव लागत नाही, वेद-स्मृतीही लागत नाहीत. वंशावळीचा अभिमान पुरेसा होतो. वेद-स्मृती येतात तेव्हा त्या हीनतेला देवाची सही मिळते आणि बाहेर पडण्याची वाट बंद होते.

हे जग विसाव्या शतकात मोडले. इब्न सौदने १९१२-१३ पासून बदूंना वस्त्या करून बसविण्यास आरंभ केला. ज्यांना धाडी सोडवत नव्हत्या अशा बंडखोरांना १९२९ मध्ये सबिल्लाच्या लढाईत मोडले. इराक आणि ट्रान्सजॉर्डनच्या सीमांवर इंग्रजांनी मोटारी, विमाने आणि वाळवंटी पोलीस आणले. मोटारीपुढे उंटाची सत्ता संपली. १९३८ मध्ये सौदी अरेबियात व्यापारी प्रमाणावर तेल लागले. १९५३ च्या हुकमाने टोळ्यांची राखीव कुरणे सर्वांना खुली झाली आणि चराईची जुनी शिस्तही गेली. धाडी संपल्या तसा खुव्वाही संपला. भाऊ विकत घेण्याची गरज उरली नाही.

साम्राज्यसत्ता भटक्यांकडे कशा नजरेने पाहते याचा एक पुरावा जाता जाता देतो, कारण त्याचा धागा आपल्याशी जुळतो. एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. अरबस्तानच्या त्या दाराची किल्ली मुंबईत होती. त्याच सत्तेने हिंदुस्थानात १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पॅलेस्टाइनमध्ये १९४२ मध्ये बेदुईन नियंत्रण अध्यादेश काढला. दोन्हींचे सूत्र एक: फिरणारा माणूस संशयित, त्याने कोठे जावे हे अंमलदाराने ठरवावे. आपल्याकडील कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पारधी आणि कैकाडी वस्त्यांवर त्याची सावली अजून आहे. कुवेतमध्ये १९५९ च्या नागरिकत्व कायद्याच्या वेळी ज्यांची नोंद झाली नाही अशा लोकांत कितीतरी वाळवंटातले होते. त्यांचे सुमारे एक लाख वंशज आजही ‘बिदून’, म्हणजे नागरिकत्वाविना, जगत आहेत.

थेसिजर १९७७ मध्ये ओमान आणि अबू धाबीला परत गेला. जुने सोबती भेटले. पण मोटारी, विमाने, सिमेंटची घरे पाहून त्याला अतिशय वाईट वाटले. आपले बदू संपले असे त्याचे मत झाले. मला त्याचे दुःख कळते, पण पटत नाही. पाण्याच्या एका पखालीसाठी ज्याला जीव धोक्यात घालावा लागत होता त्याने नळ पसंत केला, यात बिघडले काय? दवाखाना, शाळा, मालमोटार या गोष्टी त्याने मागितल्या, मिळाल्या तशा घेतल्या. दारिद्र्याचे सौंदर्य ज्यांना दिसते त्यांना परतीचे तिकीट असते. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जे सुनावले ते वाळवंटाचे गोडवे गाणाऱ्यांनाही लागू पडते.

सुलुब्बांचे पुढे काय झाले? उंटाला किंमत उरली नाही तेव्हा गाढवाला कोठून उरणार? शिकारही संपली. ते कुवेत, इराक, सौदी अरेबियातल्या शहरांत आणि वस्त्यांत उतरले, मजूर झाले, शिपाई झाले, आणि बहुतेकांनी जुने नाव मागे टाकून दुसऱ्या टोळ्यांच्या नावांचा आसरा घेतला. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव बदलून सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांना यावर भाष्याची गरज नाही.

खुव्वा गेला, धाड गेली, उंट शर्यतीपुरता उरला. पण नसब गेला नाही. सौदी अरेबियात आजही ‘कबीली’ म्हणजे टोळीची मान्य वंशावळ असलेला आणि ‘खदीरी’ म्हणजे ती नसलेला, हा भेद सोयरीक जमविताना पाहिला जातो. लग्नात दोन्ही बाजू तोलामोलाच्या असाव्यात या कल्पनेला ‘कफाअत’ म्हणतात. काही धर्मशास्त्रकारांनी त्यात फक्त धर्माचरण मोजले, काहींनी वंशही मोजला. २००५ साली तेथील एका न्यायालयाने एका विवाहित जोडप्याचा विवाह रद्द केला. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलीच्या सावत्र भावांनी अर्ज केला होता की नवऱ्याचे कुळ आमच्यापेक्षा हलके आहे आणि ते त्याने लपविले. नवरा-बायको एकमेकांवर खूष होते, त्यांना दोन मुले होती. त्यांचे म्हणणे विचारात न घेता निकाल लागला. चुलतभावाच्या पहिल्या हक्काचाच हा शहरी अवतार: मुलगी कोणाकडे राहावी हे ठरविणार रक्ताचे पुरुष. २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला. बाई माहेरच्यांकडे परत जाण्यास तयार नव्हती. तिने आधी तुरुंगात आणि मग सरकारी आश्रयगृहात दिवस काढले, मुलांची ताटातूट झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दीचा निकाल फिरविला आणि ती आपल्या नवऱ्याकडे परत गेली.